एकादशीला न पडणारा स्विच

आजही एखाद्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर लाल दांड्याचा स्विच दिसला, की ते प्रकरण जसेच्या तसे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी घरफोड्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, दसऱ्याच्या गर्दीत हरवलेली माणसे शोधली. त्यातले पुष्कळसे आता पुसट झाले. हे मात्र होत नाही, आणि यात ना रक्त सांडले, ना कुणाला बेडी पडली. संबंधित मंडळी अजून त्याच गल्लीत राहतात, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही. माझे मराठी घरातले, म्हैसूरचे, निम्मे कानडी आहे. लिहिलेले माझी सून तपासते, ती साताऱ्याची. तरीही काही चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

निवृत्तीला एक वर्ष राहिले होते. शहरातल्या जुन्या भागातल्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी उरकून बीटचे रिपोर्ट पाहत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का आणि गळ्यात मापाची टेप. टेप गळ्यातच राहिली आहे याचे त्यांना भान नव्हते. देवराज मोहल्ल्यात त्यांचे शिवणकामाचे दुकान, घर लष्कर मोहल्ल्यात. आमच्यासारखेच चार-पाच पिढ्यांपासून म्हैसुरात असलेले विठ्ठलभक्त घराणे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

"साहेब, माझं ऊन चोरीला जातंय," मास्तर म्हणाले.

ठाण्याचे दप्तर सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल, ज्याला आम्ही रायटर म्हणतो, त्याने लेखणी खाली ठेवली.

"बसा," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगा."

सहा महिन्यांपूर्वी मास्तरांनी घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवले होते. पॅनेलची वीज एका यंत्रात येते, तिथून मीटरकडे आणि मीटरमधून गल्लीच्या तारांत. बाहेरच्या भिंतीवर मीटरशेजारी लाल दांड्याचा एक स्विच बसवलेला. दांडा वर असला की सोलर तारांना जोडलेले, खाली ओढला की तोडलेले. घरातले पंखे-दिवे गल्लीच्या विजेवर चालूच राहतात, त्यामुळे आत बसलेल्याला काही कळत नाही. कळते ते फक्त मास्तरांच्या फोनला.

"दिना, साहेब. दिना म्हणजे रोज," मास्तर म्हणाले. "दुपारी एकच्या सुमारास कुणीतरी दांडा खाली ओढतं. फोन बोंबलायला लागतो, निर्मिती शून्य. हातातलं कापड टाकून स्कूटरवर पळतो, दांडा वर करतो. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"मग तो स्विच घरात का नाही लावला?"

"लावू देत नाहीत. वीज खात्याचा नियम आहे. खांबावर माणूस कामाला चढला तर आमचं दार न वाजवता त्याला तो बंद करता आला पाहिजे. मंजुरीला आलेल्या इंजिनिअरने पहिलं तेच बघितलं. बाहेर पाहिजे, हात पोहोचेल असा पाहिजे, वर पाटी पाहिजे."

मी रायटरकडे पाहिले. त्या वर्षी कायद्यांची कलमे नुकतीच बदलली होती. नव्या संहितेच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालून तो जुना आकडा मनात धरून नवा शोधत असे.

"विजेची चोरी लावू का, सार?"

"वीज कुणी घेतली का?"

"नाही."

"मग नुकसान?"

"काही मोडलं का?" मी मास्तरांना विचारले.

"मोडलं नाही. पण त्या वेळेत पडलेलं ऊन परत येतं का, साहेब?"

रायटरने बराच वेळ पाने उलटली. उन्हासाठी कलम नव्हते. घरात घुसण्याचे कलम लागेना, कारण रस्त्यावर उभे राहून त्या दांड्याला हात पोहोचत होता आणि तसा तो पोहोचावा असाच नियम होता. शेवटी अदखलपात्र म्हणून नोंद घेतली आणि पोच दिली.

"संशय कुणावर?"

मास्तर पुढे झुकले. "शेजारी. ड्रॉईंगचे सर. त्यांना माझं बरं बघवत नाही. सोलर आल्यापासून घरात सगळं चांगलंच होतंय, साहेब. माझी साखरसुद्धा उतरली. डॉक्टर चकित झाले. तेच त्यांना खुपतंय."

"घरी आणखी कोण असतं?"

"बायको. मुलगी बेंगळुरूला नोकरीला. बायकोचं म्हणाल तर ती विजेला भिते, त्या स्विचकडे बघतसुद्धा नाही."

हे मी लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. नव्या पोरांना मी नेहमी शिकवत असे, की जबानीत माणूस न विचारता जे सांगतो ते दोनदा वाचा. स्वतः एकदाही वाचले नाही.

जाताना मास्तरांनी एक वही टेबलावर ठेवली. रोजची तारीख, दांडा पडल्याची वेळ, वर केल्याची वेळ. अक्षर शिलाईच्या टाक्यासारखे सारखे.

दुसऱ्या दिवशी मी जागा पाहायला गेलो. अशा गल्ल्या म्हैसुरात अनेक आहेत. एका बाजूला पत्र्याचे काम, दुसऱ्या बाजूला गाद्यांचे, मधूनच राहती घरे. स्विच छातीच्या उंचीवर, वर कानडीत आणि इंग्रजीत पाटी. दारात मास्तरांच्या पत्नी आल्या. गल्ली त्यांना काकू म्हणते.

"साहेब, सुम्ने उन्हात का उभे? आत या. स्वल्प मज्जिगे घ्या." सुम्ने म्हणजे उगाच, मज्जिगे म्हणजे ताक. आमच्या घरांत ताक म्हटले तर पाहुणा आल्यासारखे वाटते.

काकूंनी ताक दिले, कढीपत्ता आणि आले घातलेले. मी विचारले, "तुम्ही कुणाला पाहिलं का?"

"मी स्वयंपाकघरात असते. फोडणीच्या आवाजात काय ऐकू येणार?" त्या म्हणाल्या. मग थांबून विचारले, "साहेब, हे सापडलं तर त्या माणसाला काय शिक्षा होते?"

"अजून कलमच सापडलं नाही," मी खरे ते सांगितले. त्यांना बरे वाटल्यासारखे दिसले. मला वाटले, दयाळू बाई आहे.

समोर एक इस्त्रीवाला बसतो. तो त्या गल्लीतला आमचा जुना खबरी. कोळसा फुलवत त्याने जी खबर दिली ती आज ऐकली तर शेंबड्या पोरालाही उलगडेल.

"सार, दुपारी इथं परका कुणी फिरकत नाही. पत्र्याचं काम जेवायला बंद होतं. मास्तरांच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, मग जरा वेळाने मास्तर स्कूटरवर ओरडत येतात. दिनाचं आहे."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात मी जेवतो, सार. मागच्या बाजूला सावलीत."

मी डायरीत लिहिले, 'परका इसम नाही.' शिट्ट्या लिहिल्या नाहीत.

ड्रॉईंगच्या सरांची चौकशी त्यांच्या घरी केली. निवृत्त शिक्षक, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, काळा चष्मा. बोलणे कानडीत झाले, इथे मराठीत देतो.

"तुमचा मास्तरांवर राग आहे का?"

"आहे," सर म्हणाले. "दुपारी त्यांच्या पॅनेलवरून उजेड उडून माझ्या खिडकीत येतो, नेमका या डोळ्यावर. मी त्यांना तीन पत्रं लिहिली. प्रती आहेत."

प्रती होत्या. सोबत आकृतीही. सूर्य, पॅनेल, खिडकी, डोळा, सगळे पट्टीने आखलेले आणि कोन लिहिलेले. इतकी स्वच्छ तक्रार माझ्या ठाण्यात कधी आली नव्हती.

"दुपारी एक वाजता आपण कुठे असता?"

"याच खाटेवर. डोळ्यांत औषध घालून अर्धा तास आडवं पडायचं, डोळे मिटून. तुम्ही म्हणता तो स्विच मी डोळे मिटून शोधायचा?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आणि इन्स्पेक्टर, दांडा ओढला म्हणून काच चमकायची थांबत नाही. ऊन पडतं तोवर पॅनेल चमकणारच. मला बदला घ्यायचा असता तर मी वर चादर टाकली असती."

मी दोन्ही मुद्दे डायरीत उतरवले. पण पोलीस घरी येऊन गेले हे गल्लीने पाहिले. सरांना चौकातला भाजीवालाही जरा वेगळ्या नजरेने बघू लागला, आणि हा माणूस आयुष्यभर मुलांना सरळ रेष शिकवत आला होता. त्यांनी मास्तरांशी बोलणे सोडले. माझ्याशीही.

मी मास्तरांना कॅमेरा लावायला सांगितले. त्यांनी लावला, पण पॅनेलकडे तोंड करून. "आता स्विच ओढतात, उद्या पॅनेल नेतील," असा त्यांचा हिशेब. पुढचे काही दिवस रायटरने ठाण्यात बसून ते चित्रण पाहिले. त्यात ऊन होते, कबुतरे होती आणि एकदा माकड आले होते. माकडाची वेळ जुळत नव्हती.

मग मास्तरांनी आपल्या बुद्धीने उपाय केला. स्विचभोवती लोखंडी जाळीची पेटी ठोकून घेतली, दांडा वरच्या स्थितीत, आणि पेटीला भलेमोठे कुलूप. मी पाहिले तेव्हा काही बोललो नाही. मला वाटले, कटकट मिटली. नियम काय सांगतो हे मास्तरांनीच मला पहिल्या दिवशी सांगितले होते. ते त्यांना आठवले नाही आणि मलाही नाही.

तीन दिवसांनी मास्तर परत ठाण्यात. चेहरा उतरलेला.

"साहेब, कुलूप शाबूत. दांडा खाली."

रायटरने नकळत भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहिले.

"किल्ल्या किती?" मी विचारले.

"दोन. एक इथे, करगोट्याला. दुसरी घरात जपून ठेवायला दिलीय."

मी लिहिले, 'दोन किल्ल्या, दोन्ही सुरक्षित.' गल्लीत बातमी पसरली की हे माणसाचे काम नाही. दुसऱ्या दिवशी पेटीवर लिंबू-मिरची लटकत होती. दांडा तरीही पडला. जरा वेळाने स्कूटर आली, पण या वेळी ओरडा न होता. मास्तर घाबरले होते.

आता मलाही चैन पडेना. एका सकाळी मी ती वही घेऊन बसलो. रोजची नोंद होती. रविवारी नव्हती, कारण रविवारी दुकान बंद आणि मास्तर घरीच. पण मधल्या वारीही काही जागा कोऱ्या होत्या. महिन्यात दोन, साधारण पंधरवड्याच्या अंतराने. मी टेबलामागच्या कॅलेंडरशी तारखा लावून पाहिल्या. पहिली एकादशी. दुसरी एकादशी. तिसरीही.

म्हणजे गुन्हेगार एकादशी पाळणारा होता, आपल्यातलाच. पुढचा अर्धा तास मी म्हैसुरातल्या ओळखीच्या प्रत्येक विठ्ठलभक्तावर संशय घेतला. भजनात टाळ वाजवणारे, पेढीवरचे, माझे चुलत सासरे. उपास असल्यामुळे ज्याला त्या दिवशी पाप नको असते असा कोण?

रायटर समोर डबा उघडून बसला होता. तो एकादशी-बिकादशी पाळत नाही. त्याने घास घेता घेता विचारले, "सार, एकादशीला तुम्ही लोक दुपारी ऊटा करत नाही ना?" ऊटा म्हणजे जेवण.

"नाही. संध्याकाळपर्यंत फळं-दूध."

"मग त्या दिवशी मास्तरांना दुपारी घरी जायचं कामच नसेल."

मी वही बंद केली. परत उघडली. आणखी एका ठिकाणी सलग चार दिवस कोरे होते. मास्तरांना फोन करून विचारले, या तारखांना घरी काही वेगळे होते का. ते म्हणाले, "काही नाही साहेब, ही माहेरी गेली होती. का?"

"काही नाही," मी म्हणालो.

कुकरच्या तीन शिट्ट्या. मग दांडा. मग स्कूटर. विजेला भिणारी बाई. जपून ठेवायला दिलेली किल्ली. 'दिलीय' म्हणजे कुणाला, हे मी विचारले नव्हते. इतक्या वर्षांचा तपास-अधिकारी, आणि उत्तर माझ्या पुढ्यात तीनदा वाढून ठेवले होते.

स्त्रीला जबानीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावे लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी निघालो. दुपारी बाराच्या आसपास, मास्तर दुकानात असतील अशा बेताने. शांतपणे बोलायचे आणि प्रकरण घरातल्या घरात मिटवायचे, असा माझा विचार होता.

गल्लीच्या तोंडाशीच गर्दी दिसली. मास्तरांच्या घरासमोरच्या खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटून तार लोंबत होती. सकाळपासून गल्लीची वीज बंद. शिडी खांबाला लावलेली, आणि शिडीशेजारी वीज खात्याचा लाइनमन हाताची घडी घालून उभा. पन्नाशीचा, बारीक, शांत माणूस. गर्दी त्याच्यावर ओरडत होती. कुणाचे पाणी चढलेले नव्हते, कुणाचे यंत्र बंद होते, एका घरात ऑक्सिजनच्या मशीनवर म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांना तात्पुरते मुलाच्या खांद्यावर दवाखान्यात हलवावे लागले होते.

"का चढत नाही?" मी विचारले.

त्याने जाळीच्या पेटीकडे बोट केले. "हे उघडा, मग चढतो."

"अरे, मेन लाइन तू ट्रान्सफॉर्मरवर बंद केलीस ना?" कुणीतरी म्हणाले. "गल्लीत वीज नसली की सोलरचं यंत्र आपोआप बंद होतं. मला माहीत आहे."

"होतं," लाइनमन म्हणाला. "बहुतेक होतंच. पण ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज मी बंद केली, वरच्या उन्हाला मी बंद करू शकत नाही. ते यंत्र एक दिवस चुकलं तर या घरातून उलटी वीज तारेत येणार, आणि तारेला मी धरलेलं असणार. माझ्या बरोबरीचा एक असाच 'बहुतेक'वर चढला होता. नंतर त्या यंत्रात हरभऱ्याएवढी चूक कुणाला सापडली नाही. तो मात्र गेला. मी दांडा खाली आलेला डोळ्यांनी बघणार, त्याला माझं कुलूप लावणार, किल्ली माझ्या खिशात. मग चढणार."

"पण कुलूप तर आहेच की," गर्दीतून कोणी म्हणाले.

"स्विचला भोक ठेवलेलं असतं ते बंद करून कुलूप लावायला. यांनी चालू ठेवून लावलंय."

मी मान खाली घातली. ड्रॉईंगचे सर काळा चष्मा लावून दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

मास्तर त्या दिवशी हुणसूरला गेले होते, एका लग्नघरी नवरदेवाची मापे घ्यायला. मी फोन लावला, आवाज मोठा करून.

"मास्तर, पेटीचं कुलूप तोडावं लागतंय."

"नको साहेब," पलीकडून आवाज आला. "तोच डाव आहे त्याचा. आधी तार तोडली, आता तुमच्याकडून कुलूप तोडून घेतोय. मी पुढची बस धरतो, दोन तासांत येतो. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

गर्दीत हशा पिकला आणि लगेच विरला. लाइनमन हसला नाही. गाद्यांच्या कारखान्यातला एकजण मोठी पहार घेऊन आला. पण पेटी भिंतीत रोवलेली, आणि पहारीचा एक फटका आतल्या तारांवर बसला असता तर काय झाले असते, हे मला न सांगता कळत होते. "थांबा," मी म्हणालो.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात ओले फडके. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या क्षणी त्यांना कळले, की मला कळले आहे. मी विचारू शकलो असतो. विचारले नाही. समोर सगळी गल्ली होती. आदल्या दिवशीपर्यंत हे भुताचे काम आहे म्हणून कुजबुजणारी हीच गल्ली. बाईने तोंड उघडले असते तर पुढची दहा वर्षे प्रत्येक बारशाला हीच गोष्ट निघाली असती.

काकू आत गेल्या. मला वाटले, झाले. मग आतून डबा उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात किल्ली होती, हिंगाच्या वासाची. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी कुलूप काढले, जाळीचे दार उघडले आणि इतक्या सराईतपणे दांडा खाली ओढला, की विजेला भिणारी बाई ही गोष्ट तिथेच संपली.

"बघून घ्या," त्या लाइनमनला म्हणाल्या.

त्याने वाकून पाहिले, भोकात आपले कुलूप अडकवले, लाल फीत बांधली, तारेवर टेस्टर लावून पाहिला आणि मग शिडी चढला. गल्लीला आधी वीज हवी होती, प्रश्न नंतर आले.

जबानी स्वयंपाकघरात घेतली. आधी काकूंनी आम्हा दोघांना वाढले. म्हैसुरात भेटल्यावर माणूस नमस्काराऐवजी "ऊटा आयता?", म्हणजे जेवलात का, असेच विचारतो. त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. हुळीसारू म्हणजे आंबट सार, बीन्सची भाजी, भात. महिला कॉन्स्टेबलने दुसऱ्यांदा भात घेतला.

"यांना साखर आहे, साहेब," काकू म्हणाल्या. "वेळेवर जेवायचं म्हणून डॉक्टर ओरडतात. लग्नसराईत हे दुपारचं जेवतच नाहीत. डबा पाठवला तर संध्याकाळी तसाच परत. फोन केला तर 'पाचच मिनिटं'. मागच्या वर्षी कापायच्या टेबलावर चक्कर येऊन पडले, हातात मोठी कात्री. दैव म्हणून वाचले."

"मग स्विच?"

"पहिल्यांदा चुकून झालं. भिंत पुसताना फडकं अडकलं नि दांडा खाली आला. मी घाबरले. दहा मिनिटांत हे दारात. बावीस वर्षं मी बोलावते, आले नाहीत. तो दांडा एकदा पडला नि आले. आलेच आहेत तर ताट वाढलं. जेवून गेले." त्यांनी पदराने कपाळ पुसले. "मग मी शिट्ट्या झाल्या की ओढायला लागले."

"आणि कुलूप लावल्यावर?"

"दुसरी किल्ली मलाच दिली होती, साहेब. म्हणाले, तुझ्याशिवाय माझा कुणावर विश्वास नाही." इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "शेजारच्या सरांचं नाव आलं तेव्हा सांगायला पाहिजे होतं. रोज म्हणायची, उद्या सांगते. पण सांगितलं की हे परत यायचे बंद होणार."

मास्तर चारच्या सुमाराला आले. गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत त्यांना पाचजणांनी बातमी सांगितली होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तू?" मास्तर म्हणाले.

"हो."

"लिंबू मी देवळातून आणत होतो."

"त्याचंच सरबत केलं कधी कधी," काकू म्हणाल्या.

मी वही मास्तरांच्या हातात परत दिली. ते पाने उलटू लागले. एकेका नोंदीवर बोट ठेवत गेले, आणि मध्येच त्यांचे बोट थांबले.

"साहेब, हे सगळे दिवस मी वेळेवर जेवलोय."

"हो."

"म्हणून साखर उतरली?"

"डॉक्टरांना विचारा. पण मला तसं वाटतं."

मास्तर पाटावर बसले. चिडतील असे मला वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, "हुणसूरला काही खाल्लं नाही. काही उरलंय का?" काकूंनी सारू गरम करायला ठेवले. मी आणि कॉन्स्टेबल उठून बाहेर आलो. ठाण्याच्या दप्तरात 'तक्रारदाराचे समाधान झाले, पुढील कारवाईची गरज नाही' अशी नोंद झाली. कारण लिहायच्या रकान्यात काय लिहायचे यावर रायटरने मला फार वेळ विचारात ठेवले. शेवटी आम्ही 'घरगुती' लिहिले.

लाइनमन खाली उतरल्यावर पेटी त्याच दिवशी भिंतीतून काढली गेली. जाण्यापूर्वी मी त्याला विचारले, तार तपासली तेव्हा वीज होती का. "नव्हती," तो म्हणाला. "बहुतेक नसतेच." आणि सायकल घेऊन पुढच्या गल्लीत गेला.

सरांकडे मी स्वतः माफी मागायला गेलो. पोलीस अधिकाऱ्याला ही सवय कमी असते. त्यांनी बसायला सांगितले नाही, पण दारही लावले नाही. आठवड्याभराने त्यांच्या खिडकीला जाड अस्तराचा पडदा दिसला, इंच न इंच मापाचा. शिवला कुणी हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी मास्तरांना चौथे पत्र लिहिले, पडदा मिळाल्याचे. सोबत आकृती नव्हती.

या प्रकरणाने मला काय शिकवले असे कुणी विचारले तर दोन गोष्टी सांगतो. एक, जो स्विच परक्याच्या हाताला यावा म्हणून लावलेला असतो, तो घरमालकाच्या रागाने कुलूपबंद करू नये. खांबावरच्या माणसाचा जीव त्या दांड्याशी बांधलेला असतो, आणि त्याला 'बहुतेक' पुरत नाही. दुसरी गोष्ट मला अजून नीट मांडता येत नाही. आम्ही तपासात वैर कुणाचे ते आधी शोधतो. काळजी कुणाची, हा प्रश्न माझ्या कुठल्याच नमुन्यात नव्हता.

त्या संध्याकाळी मी ही सगळी हकीकत घरी सांगितली. मला वाटले होते, माझी बायको हसेल. तिने ऐकले, भाजी निवडता निवडता, आणि मान वर न करता म्हणाली, "तिच्याजवळ निदान स्विच तरी होता."

निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते. बंदोबस्त नसेल त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी जाऊ लागलो. रोज जमले नाही. पण पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो तेव्हा तिने आधी मागे वळून घड्याळ पाहिले आणि मग विचारले, "काय झालं? बरं नाही का?"